‘एवढं छान करतेस, मग विकत का नाहीस?’ छंदाचं करिअर केलं की नेमकं काय काय बदलतं?

घरातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला केक केला. फोटो स्टोरीला टाकला. तासाभरात मावशी, कॉलेजची मैत्रीण आणि शेजारच्या काकू, तिघींचा एकच रिप्लाय येतो, "अगं, एवढं छान करतेस, मग विकत का नाहीस?"

केकच्या जागी क्रोशाच्या बाहुल्या असू शकतात, पक्ष्यांचे फोटो असू शकतात, पोर्ट्रेट, नेल आर्ट, ट्रेक, गिटार, काहीही. प्रश्न बदलत नाही. आपल्याकडे कौतुक करायची सगळ्यात मोठी पद्धत आता हीच झालीय. आधी लोक म्हणायचे, ‘हाताला चव आहे.’ आता म्हणतात, ‘याचं पेज काढ.’

रिप्लाय मनापासून आलेला असतो यात वाद नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे काम आहे तेच राहील, फक्त त्याचे पैसे यायला लागतील. गडबड नेमकी इथेच आहे. पैसे यायला लागले की कामच बदलतं. किती बदलतं, ते मनाला कसं लागतं आणि ज्यांनी हे निभावलं त्यांनी काय केलं, हे नोकरीचा राजीनामा टाइप करायच्या आधी बघितलेलं बरं.

हजार रुपयांच्या केकमधून हातात किती उरतात?

समजा, एका किलोचा चॉकलेट ट्रफल केक हजार रुपयांना विकला. शहर बदललं की आकडे वरखाली होतील, हिशेब मात्र असाच मांडावा लागतो.

चॉकलेट, क्रीम, बटर, मैदा, कोको, साखर मिळून कच्चा माल साडेचारशेचा धरू. खोका, खालचा बोर्ड, टॉपर, मेणबत्ती यांचे ७० रुपये. ओव्हन आणि फ्रीजच्या विजेचे ३०. खर्च झाला ५५० रुपये, उरले ४५०. ऐकायला बरं वाटतं.

आता वेळ मोजू. स्पंज, गनाश, थर लावणं, पहिला हात फिरवून फ्रीजमध्ये ठेवणं, शेवटची सजावट आणि नंतर ओट्यावर पडलेला भांड्यांचा ढीग, असे तीन तास धरा. सामान आणायला जाणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताई, डिझाइन या फोटोसारखं पण रंग त्या फोटोतला’ हे समजून घेणं, नावाचं स्पेलिंग दोनदा विचारणं, पत्ता, वेळ, ‘डिलिव्हरी फ्री आहे ना?’, यात दीड तास सहज जातो. म्हणजे साडेचार तासांचे ४५० रुपये. ताशी १००.

आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तर. पाचपैकी एक ऑर्डर केक तयार झाल्यावर रद्द झाली, तर चार केकचे १८०० रुपये सुटतात आणि पाचव्याचे ५५० अंगावर येतात. पाच केकच्या साडेबावीस तासांचे मिळाले १२५०. म्हणजे ताशी जेमतेम ५५ रुपये. एकाच रद्द ऑर्डरने कमाई जवळपास निम्मी केली. म्हणूनच जुन्या होम बेकर्स अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय ओव्हन लावत नाहीत. नवीन मुलींना तोच अ‍ॅडव्हान्स मागायला अवघड वाटतं, कारण समोर बहुतेकदा ओळखीचंच कुणीतरी असतं.

या हिशेबात ओव्हनची किंमत नाही. बसका झालेला स्पंज नाही. मे महिन्यात रिक्षात वितळलेलं क्रीम नाही. अन्नपदार्थ विकायचे तर घरातून विकत असलात तरी ‘एफएसएसएआय’ची नोंदणी लागते, त्या कागदपत्रांत गेलेला वेळही नाही.

पैशांपेक्षा महत्त्वाचा भाग पुढे आहे. या साडेचार तासांत जे मुळात आवडत होतं ते किती? तिला कदाचित नाचणीचं पीठ आणि गूळ घालून काहीतरी वेगळं करून बघायची आवड असेल. ऑर्डरी येतात त्या ट्रफलच्या, युनिकॉर्नच्या आणि हातोडीने फोडायच्या पिनाटा केकच्या. आवडीची वीस मिनिटं उरतात, ती शेवटच्या सजावटीची. तीही ‘सहा वाजता माणूस येतोय न्यायला’ या घाईतली.

ट्रेक करायचा आणि ट्रेक ‘काढायचा’

हीच गोष्ट सह्याद्रीत दर शनिवारी दिसते. आठवडाभर ऑफिसात बसून कंटाळलेला मुलगा गडावर जातो, कारण तिथे फोन लागत नाही आणि कुणी काही विचारत नाही. मित्र म्हणतात, तुला सगळ्या वाटा पाठ आहेत, ग्रुप काढ. तो ग्रुप काढतो. पहिल्या दोन ट्रेकना मजा येते. पावसाळ्यात काजवे, धबधबे, कळसूबाई, हरिहर, राजमाची असं चक्र सुरू होतं, कारण लोकांना तीच ठिकाणं हवी असतात. ज्या आडवाटेच्या किल्ल्यासाठी त्याचा जीव अडकलेला असतो, तिथे बस भरत नाही.

गडावर गेल्यावर तो काय करतो? डोकी मोजतो. चाळीस निघाले होते, एकोणचाळीस दिसतायत. कुणाचा पाय मुरगळलाय, कुणी दरीच्या टोकाला रील करतंय, बसचा ड्रायव्हर फोन उचलत नाहीये. सूर्योदय होतो तेव्हा तो पोह्यांचं सांगायला गावात उतरलेला असतो.

शिवाय जबाबदारी कायद्याचीही आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पैसे घेऊन अशा मोहिमा काढणाऱ्यांसाठी नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. मित्रांना सोबत नेणं आणि पैसे भरलेल्या चाळीस अनोळखी माणसांना नेणं यातला फरक एखाद्या अपघातानंतर कळू नये, एवढंच.

फोटोग्राफरचंही फार वेगळं नाही. ज्याला भिगवणला पहाटे पक्ष्यांची वाट बघत बसायला आवडतं, त्याला पैसे मिळतात लग्नांत. दोन दिवस उभं राहून काढलेले हजारो फोटो पुढचे कितीतरी दिवस स्क्रीनसमोर बसून निवडायचे असतात. वर कमाई मुहूर्तांवर अवलंबून. चातुर्मासात लग्नं कमी, पौषात कमी. हल्ली पंचांगांत चातुर्मासातलेही मुहूर्त देतात म्हणून थोडी सोय झालीय, पण वर्षाचा हिशेब अजूनही हंगामाचाच. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे लगेच समजेल. एक तारखेला पगार जमा होणाऱ्याला ते पचायला वर्षभर लागतं.

म्हणजे छंद विकायला काढला की खरं तर छंदाच्या आजूबाजूचं सगळं करावं लागतं. वसुली, हिशेब, माणसं सांभाळणं, तेच ते पुन्हा करणं. काहींना हे मनापासून आवडतं, आणि असे लोक धंदा उत्तम करतात. केकपेक्षा केकचं दुकान चालवण्यात ज्यांना मजा येते, त्यांच्यासाठी हा लेख इथेच संपला तरी चालेल. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

पैसे मिळाले की आवड कमी होते का?

मानसशास्त्रज्ञ या प्रश्नावर पन्नासहून जास्त वर्षं भांडतायत.

सुरुवात केली एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १९७१ मध्ये त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना ‘सोमा’ नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत एका गटाला प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्या गटाला काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत कुणालाच पैसे नव्हते. प्रत्येक बैठकीत मध्येच आठ मिनिटं संशोधक काहीतरी कारण काढून बाहेर जायचा. खोलीत मासिकं पडलेली असायची. मुलांनी हवं ते करावं. खरं मोजमाप याच आठ मिनिटांचं होतं, कुणी बघत नसताना मुलं कोड्याला हात लावतात का?

ज्यांना आधी पैसे मिळाले होते, त्यांचा पैसे बंद झाल्यावर कोड्यातला रस कमी झाला. याच मालिकेतल्या दुसऱ्या एका प्रयोगात पैशांऐवजी शाबासकी दिली, तेव्हा मात्र रस टिकला.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलं अशी निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर रिबिन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला प्रमाणपत्र न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन पुन्हा ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्या पेनांशी खेळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांवर असा परिणाम झाला नाही. म्हणजे खोड बक्षिसात नव्हती, ‘हे केलंस तर ते देईन’ या बोलीत होती.

आता दुसरी बाजू. या निष्कर्षांवर खूप टीका झाली. १९९४ मध्ये ज्युडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी जुने प्रयोग एकत्र तपासून म्हटलं की बक्षिसाने आवड मरते ही भीती फुगवलेली आहे. त्याला उत्तर म्हणून १९९९ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी १२८ प्रयोगांचा आढावा घेतला आणि परिणाम खरा आहे असं मांडलं. शिवाय बालवाडीतली मुलं आणि घरभाडं भरणारा तीस वर्षांचा माणूस यांत फरक आहेच. जगात कित्येक स्वयंपाकी, गवंडी, गवई पैसे घेऊन काम करतात आणि कामावर जीवही टाकतात.

त्यामुळे ‘छंदातून पैसे घेतले की छंद मेला’ असं सरसकट म्हणणं चूक. या प्रयोगांतून रोजच्या वापरासाठी निघतं ते एवढंच, की पैशांपेक्षा जास्त घात ताब्याचा असतो. काय करायचं, कधी करायचं, कसं करायचं हे दुसरा ठरवू लागला की आवडीचं काम नोकरीसारखं वाटतं. ज्या चित्रकाराला गिऱ्हाईक विषय सांगतं पण हात मोकळा सोडतं, तो टिकतो. ज्याला ‘थोडं अजून पिंटरेस्टसारखं करा ना’ असं चौथ्यांदा ऐकावं लागतं, तो रात्री ब्रश धुऊन ठेवतो आणि महिनाभर स्वतःसाठी एक रेघ काढत नाही.

‘आवडीचंच तर आहे, त्याचे काय पैसे घेतोस?’

आपल्याकडे याला एक खास पदर आहे. शाल, श्रीफळ आणि टाळ्या. गाणाऱ्याला बोलावतात, दोन तास गाऊन घेतात आणि पाकीट द्यायची वेळ आली की संयोजक म्हणतात, ‘तुम्ही काय, घरचेच.’ फी हा शब्दसुद्धा कुणी वापरत नाही, ‘मानधन’ म्हणतात. मान मिळतो, धन राहून जातं.

हे फक्त मराठी संकोचातून होतं असं समजायचं कारण नाही. ड्यूक विद्यापीठाच्या जे युन किम आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लोकांसमोर कामगारांची वर्णनं ठेवली होती. एखाद्याला काम मनापासून आवडतं असं सांगितलं, की त्याला बिनपगारी जास्तीचं काम देणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं किंवा त्याच्या कामात न बसणारी कामं सांगणं लोकांना जास्त रास्त वाटलं. मनात कुठेतरी हिशेब होतो, की आवडतंय ना, मग आनंद हीच अर्धी मजुरी.

छंदातून आलेला माणूस या सापळ्यात स्वतःहून चालत जातो, कारण त्यालाही आतून तेच वाटत असतं. ‘मी नाहीतरी हे केलंच असतं, मग पैसे कसे मागू?’ पहिल्या दहा गिऱ्हाइकांत सात नातेवाईक आणि ओळखीचे. दर ठरतो तो त्यांना परवडेल असा. मग अनोळखी गिऱ्हाईक येतं, तेव्हा जुना दर गळ्यात अडकलेला असतो.

घरातून काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होते. त्या कामाला कामच म्हटलं जात नाही. नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असेल तर घरात शांतता असते. ती ब्लाउजवर आरी वर्क करत असेल तर दाराची बेल तिनेच उघडायची, दूधवाल्याचे पैसे तिनेच द्यायचे. तिचा तास मोजलाच जात नाही, आणि मग ‘एवढं करून तुला सुटतात किती?’ हा प्रश्नही तिलाच.

रीलवाल्यांचा साहेब कोण?

‘मी कुणाच्या ऑर्डरी घेत नाही, फक्त कंटेंट करतो’ म्हणणाऱ्यांची सुटका होते का? फार नाही.

यूट्यूबवर जाहिरातींच्या पैशांत वाटा हवा असेल तर १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघितलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के हिस्सा चॅनेलवाल्याला मिळतो, शॉर्ट्समध्ये वाट्याला आलेल्या रकमेच्या ४५ टक्के. ही पायरी चढणं हा अनेकांना शेवट वाटतो, प्रत्यक्षात ती सुरुवात असते. बहुतेक छोट्या चॅनेलचं घर जाहिरातींच्या वाट्यावर चालत नाही. ते ब्रँडचं काम, क्लास किंवा वस्तू विकणं यावर चालतं, आणि पैसे घेऊन केलेली पोस्ट ‘जाहिरात’ म्हणून सांगावी लागते.

इथला साहेब अल्गोरिदम आहे. तो रजा देत नाही आणि का रागावला तेही सांगत नाही. ज्याला बासरीवर संथ राग वाजवायला आवडतं, त्याच्या लक्षात येतं की चाललं ते तीस सेकंदांचं सिनेमाचं गाणं. पुढच्या आठवड्यात तो काय वाजवेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

दवाखाना सांभाळून नाटक केलेली पिढी

‘पॅशन फॉलो करा’ हे वाक्य सांगताना मराठीत हमखास एक नाव घेतलं जातं, डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन, वैद्यकीय व्यवसाय सोडला आणि रंगभूमीवर आले. पुढे ‘नटसम्राट’ झाले. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते.

लागूंचा जन्म १९२७ चा. पूर्णवेळ नट व्हायचा निर्णय त्यांनी १९६९ मध्ये घेतला, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. त्याआधी पुण्यात डॉक्टरकी, परदेशात शिक्षण, टांझानियात वैद्यकीय काम आणि या सगळ्याच्या मागेपुढे पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये हौशी नाटकं, असं त्यांचं चाललं होतं. उडी मारली तेव्हा पाठीशी वर्षानुवर्षांचा सराव होता, आणि पडलेच तर परत जायला एक पक्का व्यवसाय होता. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मधला.

आणि त्याच संस्थेतून पुढे आलेली जी मंडळी उडी न मारता थांबली, त्यांची गोष्ट प्रेरणादायी व्हिडिओंमध्ये येतच नाही. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर होते, दौंडला त्यांचा दवाखाना होता. नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, पुढे बी. जे. मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर याच कॉलेजात बायोकेमिस्ट्रीत नोकरीला होते आणि १९९० च्या दशकात पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेले. यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावरही नेलं. याला हौस म्हणायची की करिअर, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण घर नाटकाच्या तिकीटविक्रीवर चालत नव्हतं, म्हणून कुठलं नाटक करायचं हे तिकीटविक्रीला विचारावं लागलं नाही.

कवी अरुण कोलटकरांनी तर आणखी वेगळी सोय केली होती. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. चित्रकलेवर पोट भरलं आणि कविता बाजारापासून लांब ठेवली. दोन आवडी होत्या, त्यातली एकच विकायला काढली.

अर्थात तो काळ जसाच्या तसा आज उचलता येणार नाही. संध्याकाळी साडेपाचला सुटणारी नोकरी आता किती जणांकडे आहे? हिंजवडीतून किंवा बदलापूर लोकलमधून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. आणि रात्री उशिरापर्यंत तालीम करायची तर घरी स्वयंपाक, पोरं, म्हातारी माणसं कुणीतरी बघावी लागतात. ते ‘कुणीतरी’ कोण असायचं, हे त्या पिढीच्या आठवणींमध्ये दोन ओळींत उरकलेलं असतं.

तरीही ‘आधी जोडीने, मग उडी’ या वाटेच्या बाजूने आकडाही आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी चालू ठेवून व्यवसाय सुरू केलेल्या आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेल्या लोकांचा व्यवसाय बंद पडायचा धोका, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होता. ते जास्त हुशार होते म्हणून नाही. आपल्याला हे जमतंय का आणि झेपतंय का, हे त्यांना पगार चालू असताना कळलं होतं.

मग तपासायचं कसं?

नोकरी न सोडता तीन-चार महिने छंद खऱ्या दराने विकून बघणं, ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. अट एकच, गिऱ्हाईक अनोळखी हवं. मावशीने घेतलेले चार केक धरायचे नाहीत. अनोळखी माणूस भाव करतो, नावं ठेवतो, उशीर झाला तर चिडतो. ते सोसून पुढच्या शनिवारी पुन्हा ओव्हन लावावासा वाटतो का, याचं उत्तर कुठल्याही करिअर टेस्टमध्ये मिळणार नाही.

या काळात वहीत दोनच गोष्टी लिहिल्या तरी पुरे. प्रत्येक कामाला लागलेले सगळे तास आणि त्यातले आवडीचे तास. दुसरा आकडा महिन्यागणिक शून्याकडे निघाला असेल, तर दर वाढवून, ऑर्डरी कमी करून किंवा ‘हे डिझाइन मी करत नाही’ असं म्हणून तो थांबतो का ते बघता येतं. नाही थांबला, तर मग नोकरी राहू द्यावी आणि केक घरच्या वाढदिवसाला करावा. यात हरण्यासारखं काही नाही, जरी सोशल मीडियावर तसं भासवलं जात असलं तरी. काही जण मधला मार्ग काढतात. एक भाग विकत नाहीत. लग्नाचे फोटो पैशांसाठी, पक्ष्यांचे कुणालाच नाही. क्लासमध्ये सिनेमाची गाणी, घरी राग.

आणि सोडायचंच ठरलं, तर राजीनाम्याच्या आधी काही रुक्ष गोष्टी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, हे सगळेच सांगतात. हंगामी काम असेल तर सहा कमी पडतात, निदान एक पूर्ण मंदीचा काळ निघेल एवढा हवा.

कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, कारण नव्या पॉलिसीत सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून बहुतेक आजारांना संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत साधारण ५ वर्षं सलग भरावी लागतात. साडेचार वर्षं झाली असतील तर उडी थोडी पुढे ढकलली म्हणून पॅशन कुठे पळून जात नाही.

धंद्याचं खातं वेगळं काढावं, नाहीतर केकचे पैसे किराण्यात कधी गेले ते कळत नाही. सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. सेवा देत असाल तर वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही, फक्त वस्तू विकत असाल तर महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाख आहे. ब्रँडकडून आलेला फोन किंवा हॉटेलातला मुक्काम ‘फुकट’ वाटला तरी आयकराच्या दृष्टीने ते उत्पन्न असू शकतं. २०२२ पासून वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या अशा लाभांवर १० टक्के टीडीएस कापला जातो.

आणि घर घ्यायचा विचार असेल तर तोही याच यादीत येतो. नोकरदाराला गृहकर्ज देताना बँक पगाराच्या स्लिपा बघते. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याकडे ती साधारण दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. त्यामुळे पहिल्याच वर्षापासून विवरणपत्र भरायला लागलेलं बरं, कमाई करपात्र नसली तरी.